सुलाबाईंच्या मांडीवर फिरलेला माईक

मी माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आज जरा माझं ऐका.

दिसायला मी मक्याच्या कोवळ्या कणसाएवढा. तोंडाला बारीक जाळी, पोटाशी एक खटका आणि मागे सहा हात लांब काळी वायर. माझा जोडीदार म्हणजे सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. कुण्या प्रवाशानं आम्हाला परदेशातून आणलं आणि परभणीत भुजंगरावांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात विकून टाकलं. तिथं काचेच्या कपाटात मी वर्षभर धूळ खात पडलो होतो.

१९७७च्या एप्रिलात रंगनाथराव दुकानात आले. पिंगळीच्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. भीमजयंतीचा हंगाम असल्यानं रोज नव्या गावी कार्यक्रम होता आणि खिशात मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं पत्र होतं : 'पंधरा मेच्या आत एका गाण्याचा नमुना टेपवर पाठवा.' या पत्राची त्यांनी बारा वर्षं वाट पाहिली होती. सोबत त्यांच्या पत्नी सुलाबाई होत्या. पार्टीत त्या मागच्या रांगेत उभ्या राहून कोरस म्हणायच्या.

भुजंगरावांनी आधी मोठा माईक काढला. चकचकीत, उंच स्टँडवाला, बरोबर लाकडी पेटीएवढं मशीन. रंगनाथराव बघताक्षणी भाळले. त्याला टिचकी मारली, फुंकर घातली, 'हॅलो, हॅलो' केलं. माणसं माईकशी आधी हॅलोच का करतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

सुलाबाईंनी मात्र पदर खोचला आणि ते धूड उचलून पाहिलं.

"अवो, लय जड हाय. एसटीत ह्यो खांब मांडीवर कोन घेनार, तुमी का मी? अन् पालमच्या वस्तीत लाईट तरी हाय का?"

मग त्यांनी एका हातात टेपरेकॉर्डर घेतला, दुसऱ्यात मला. "ह्योच घ्या. माज्या मांडीवर गप बसंल."

रंगनाथरावांनी नाराजीनंच एक ओळ गाऊन पाहिली. टेप लावली तर त्यात त्यांचा आवाज होता, रस्त्यावरच्या टांगेवाल्यांचं भांडण होतं आणि सुलाबाईंच्या बांगड्याही होत्या.

"ह्यो तर समद्यांचंच ऐकायलाय!"

"त्याला म्होरचं-मागचं कळत न्हाई, रंगनाथराव," भुजंगराव हसले. "जवळ जो यील, त्याचं ऐकतंय."

पोरगं पसंत पडलं नाही तरी पदरात पडलं, तसा मी पार्टीत आलो. सुलाबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात आम्हाला गुंडाळलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, लेकरू हाय का?" त्या म्हणाल्या, "हाय की, गानारं हाय."

आता गायन पार्टीची एक रीत सांगतो. गाणं चालू असताना कुणी नारळ किंवा शेला भेट दिला, की गायकानं तिथंच थांबून त्याचं नाव पुकारायचं. नाही पुकारलं तर माणूस वर्षभर रुसतो. पालमला भरदुपारी रेकॉर्डिंग सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला वस्तीतल्या मालनबाई नारळ घेऊन समोर आल्या आणि रंगनाथराव गाता गाता थांबले. "मालनबाईंकडून पार्टीला एक नारळ! पार्टी त्यांची आभारी हाय!" सगळं टेपवर. पुसून पुन्हा सुरुवात केली, तर आणखी कुणी शेला आणला. तिसऱ्यांदा तर कुणी काहीच दिलं नव्हतं, तरी हे सवयीनं मध्येच आभार मानून मोकळे झाले. मला हसू आवरेना. सुलाबाईंनी कपाळाला हात लावला.

शेवटचं गाव आलं, झरी. दुसऱ्या दिवशी टेप पोस्टात पडायलाच हवी होती आणि सेलही अखेरच्या घटका मोजत होते. एकच गाणं निघालं असतं.

"आज आभाळ कोसळलं तरी थांबनार न्हाई," रंगनाथराव म्हणाले.

विहाराच्या ओट्यावर गाणं रंगात आलं आणि पायऱ्यांवर चंद्रभान गुरुजी दिसले. दरवर्षी पार्टीला झरीला बोलावणारे हेच ते. हातात नारळ, खांद्यावर नवा शेला. रंगनाथरावांचा आवाज हलला. थांबावं तर गाणं जातं, न थांबावं तर गुरुजींचा मान जातो. त्यांनी गडबडीत मला मागे सुलाबाईंच्या हातात कोंबलं आणि गुरुजींना दहा पावलं लांब लिंबाखाली नेऊन त्यांचं नाव पुकारलं. मोठा माईक असता तर स्टँडवर जागचा हलला नसता. मी हललो.

सुलाबाई पुढं होऊन कधी गायल्या नव्हत्या. पण गाणं तुटू द्यायचं नव्हतं. त्यांनी पुढचं कडवं उचललं आणि माझी जाळी शहारली. खरं सांगतो, इतका मोकळा आवाज माझ्या तोंडाशी कधीच आला नव्हता. सगळी कडवी त्यांना पाठ होती.

रंगनाथराव परतले. मला घ्यायला हात पुढे आला आणि वाटेतच थांबला. त्यांनी खाली ठेवलेले टाळ उचलले, सुलाबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि कोरस धरला.

गाणं संपलं. सुलाबाईंनी खटका दाबला. "सेल असतील तं पुन्यांदा म्हना तुमी," त्या चाचरत म्हणाल्या.

"न्हाई. हीच धाडायची." त्यांचे डोळे भरले होते. "बारा वर्सं तुला मागं उभी केली, सुला. मलाच ऐकू आलं न्हाई."

जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं. 'दुसऱ्या कडव्यापासून ज्या बाई गातात, त्यांना घेऊन या.' रंगनाथरावांचा चेहरा क्षणभर उतरला. मी खिडकीत होतो, खोटं कशाला बोलू? मग ते अंगणात गेले, ताठ उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "पिंगळीच्या सुलाबाईंकडून पार्टीला एक आवाज भेट! पार्टी त्यांची आभारी हाय!"

याला दोन वर्षं झाली. टेपरेकॉर्डर बिघडला, मी पत्र्याच्या डब्यात पडून आहे, बाहेर लोंबणारी वायर उंदरांनी कुरतडली. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरीही कुणी मागच्या रांगेत गात असेल. एकदा माझ्यासारखा कुणी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही दहा पावलं लांब जा.