बारा वेळा मारणारी चौकट

मित्रांनो, पैज लावते, तुमचा माझ्यावर विश्वास बसायचा नाही. मी एक जुनी चौकट आहे. मला हात नाहीत, तरी मी एका बाईला बारा वेळा मारलं आहे.

जालन्याच्या मस्तगडात, निजामाच्या अमलात, पुंजाराम सुताराने मला अस्सल सागातून घडवलं. परतूरच्या रायभानने त्याला बजावलं होतं, "ठेंगणी ठेव. माह्या घरात येणारानं वाकून यावं." वेशीपासून लोक मला पाहायला आले. दर दसऱ्याला माझ्या कपाळाला तेल लागे.

मग रायभानची बायको होऊन चतुराबाई आली. एवढीशी, बाहुलीसारखी. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं की सासू सगुणाबाई शेजारणीला सांगे, "चौकटीची वरची पट्टी लागली, बाई. वाकून चालतच न्हाई." रायभान तेच सांगे. पुढे चतुराबाईही तेच सांगू लागली. तिघांची साक्ष! म्हणजे मारणारी मीच. तिच्या कपाळाला मात्र तेल कुणी लावलं नाही.

भाकरी करपली की तिला उपाशी माझ्याबाहेर उभं करीत. तिच्या गळ्यातली माहेरची चांदीची सरी माझ्याखालून बाजारात गेली, ती परत आली नाही. "वांझोटी" हा शब्द तर येता-जाता माझ्यातून घुमे. आणि धमकी काय? "चौकट ओलांडलीस तर परत येऊ नको." पाहा, सगळीकडे माझंच नाव!

वाटूरहून तिचा धाकटा भाऊ कडूबा दर नागपंचमीला तिला न्यायला येई. ओट्यावर गूळपाणी मिळे, आणि सगुणाबाईचा निरोप, "तिला बरं न्हाई, पाव्हणं." अशा अकरा पंचम्या गेल्या, दर पंचमीला आत एक नवं टेंगूळ.

बाराव्या पंचमीला आतून कण्हणं आलं. कडूबा उठला.

"पाव्हणं, थांबा तिथंच!" रायभान ओरडला. तोवर उंच कडूबा आत घुसताना खाडकन माझ्यावर आपटला.

आत चतुराबाई. भुवई फाटलेली.

"आक्का, काय झालं?"

"चौकट लागली रे."

"मंग! किती बार सांगितलं हिला," रायभान म्हणाला, "वाकून चाल म्हणून."

कडूबा कपाळ चोळत माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बहिणीला हाताला धरून माझ्याखाली ताठ उभं केलं. तिच्या डोक्यावर आपली वीत टेकवली. वीत संपली, तरी वर चार बोटं जागा उरली.

"खोटं!" तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. "ही चौकट माह्या आक्काला सात जन्मांत लागायची न्हाई. दाजी, हात दाखवा तुमचे."