ओली पिशवी

कचरा नेणाऱ्यांनी डब्यावर चिकटवलेली लाल चिठ्ठी हेडबाईंनी नखाने खरवडून काढली आणि कुणी पाहायच्या आत मुठीत चुरगाळली. महिन्यातली तिसरी. ‘वर्गीकरण चुकले.’ शाळा सोडून नऊ वर्षं झाली तरी इमारतीत त्या हेडबाईच होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर त्यांनी लाल शाईने असंच लिहिलं होतं. आता तसा शेरा त्यांच्याच डब्यावर आला होता. थोरल्या बहिणीचं विसरणं अशाच बारीकसारीक चुकांपासून सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तिला बाईही ओळखू येत नव्हत्या.

मुलाने चिठ्ठी पाहिलीच.

“आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या,” तो जपून म्हणाला. त्याचं ते जपून बोलणंच बाईंना जास्त लागलं.

रविवारी सभागृहात कचऱ्याचा वर्ग भरला. मुलगा सोबत आला. सोबत कसली, पहाराच. कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी टेबलावर दोन डबे मांडले. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. बाईंना हे तोंडपाठ होतं. मग चुकत कुठे होतं?

ताईंनी दुधाची रिकामी पिशवी उचलली. “ही कुठे जाईल?”

“धुतली आहे का?” बाईंनी विचारलं.

“हो, आत्ताच.”

“मग ओली आहे. हिरव्यात.”

खसखस पिकली. बाईंची कानशिलं तापली.

ताई मात्र हसल्या नाहीत. “आणि वाळलेली फुलं?”

“सुकी. निळ्यात.” बाई हळूच म्हणाल्या.

“डब्यावर लिहिलंय अगदी तसंच केलंत तुम्ही. घोळ आमच्या शब्दांचा आहे. कुजतं ते ओलं, मग कितीही वाळलेलं असो. कुजत नाही ते सुकं, भिजलं तरी.” ताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “खरं सांगा, आणखी कोण कोण धुतलेली पिशवी हिरव्यात टाकतं?”

मघाशी हसलेल्यांतलाच एक हात वर गेला. मग दुसरा. मग रांगच्या रांग.

बाईंनी इतके दिवस कोंडलेला श्वास सोडला. डोकं ठिकाणावर होतं. जरा जास्तच ठिकाणावर होतं. लिहिलेला शब्द न् शब्द पाळत होतं. त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. रुमाल मागायला त्या मुलाकडे वळल्या.

त्याचा हात वर होता. मान खाली.

“सुट्टीच्या दिवशी भांडी मीच घासतो ना,” तो पुटपुटला. “पिशव्याही मीच...”

बाईंनी त्याचा हात धरून हळूच खाली घेतला.

“असू दे रे,” त्या म्हणाल्या. “दिसला सगळ्यांना.”