बसून ऐकायची कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो, आणि माझ्यात एकही गाणं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला हातात घेणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो, की गाणी कोणती आहेत? माझ्यात गायक नाही, शब्द नाहीत, तबला-पेटीही नाही. यंत्रांतून काढलेले सूर आहेत, लांबच लांब, हळूहळू रंग बदलणारे. त्यांवर नाचता येत नाही. ते बसून ऐकायचे असतात. यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजूनही कळलेलं नाही.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो. माझ्या बहिणींच्या वाट्याला आरत्या आल्या, सनया आल्या, सिनेमातली गाणी आली. मी मात्र कोरीच घाटकोपरला, भाऊरावांच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. तिथे धाकू कामाला होता. पंचविशीतला, बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा मुलगा, बोलायला कमी आणि कानाचा फार तिखट. टेपमधला बिघाड तो उघडून बघण्याआधी नुसता ऐकून ओळखायचा.

जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाने त्याला परदेशातून आणलेल्या चार सीडी ऐकायला दिल्या. त्या काळी यंत्रावरचं संगीत म्हणजे नाचायचं, असंच बहुतेक लोक धरून चालायचे. पण तिकडे काही मंडळींना वाटलं, की याच यंत्रांतून घरी शांत बसून ऐकण्याजोगं काही का निघू नये? अशा निरनिराळ्या लोकांच्या रचना गोळा करून ते संग्रह काढलेले होते. धाकूने ते दोन दिवस पुन्हा पुन्हा ऐकले. मग त्याने चारांतून अकरा रचना निवडल्या आणि माझ्यावर उतरवल्या. कुठली आधी ठेवायची आणि कुठली नंतर, यातच त्याचे तीन रविवार गेले. शेवटी त्याने माझ्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही कान मोडून टाकले, म्हणजे माझ्यावर पुन्हा कुणाला काही भरता येणार नाही. कान मोडून घेण्यात एवढा मान असतो, हे मला तेव्हा कळलं.

त्याची एकच इच्छा होती. पंतनगरातल्या आपल्या इमारतीतल्या लोकांनी मला एकदा तरी, मध्ये न उठता, ऐकावं. त्याला जे सापडलं होतं ते त्याला एकट्याला पुरत नव्हतं.

संधी आली ती मात्र भलत्याच वेळी. गणपतीत बायकांची संगीत खुर्ची चालू होती आणि टेप लावायचं काम धाकूकडे होतं. ऐन शेवटच्या फेरीत सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटची फीत यंत्रात गुंडाळली गेली. लोक ओरडायला लागले. धाकूच्या शर्टाच्या खिशात मी होते. त्याने मला घातलं आणि बटण दाबलं.

एका खुर्चीभोवती मालन आणि सुंदराबाई फिरत होत्या. माझी तिसरी रचना अशी आहे, की ती मध्येच अगदी बारीक होत जाते, विझत नाही. सुंदराबाईंना वाटलं, थांबलं. त्या झपकन बसल्या. मालन मात्र फिरतच राहिली. ती म्हणाली, “वाजतंय अजून. कान लावून बघा.” कुणी कान लावला नाही. तळमजल्यावरचे तात्या म्हणाले, “ह्यां काय गाणां? माझो फ्रीज असोच वाजता.” सगळा मांडव हसला. बक्षिसाचा डबा सुंदराबाईंना मिळाला, आणि पुढच्या वर्षीपासून टेपचं काम दुसऱ्याकडे गेलं. धाकूला सगळे ‘फ्रीजवाला’ म्हणू लागले. त्याने ते हसून घेतलं, पण मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

मित्रांनो, त्या डब्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली. बाहेर धाकूचं लग्न झालं, मुलगी झाली, दुकान गेलं, तो लिफ्टच्या देखभालीच्या नोकरीला लागला. सगळं मला डब्याच्या पत्र्यातून ऐकू यायचं. राग यायचा. मी काही लोणचं नव्हे मुरत ठेवायला.

मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरं रिकामी करायची वेळ आली. धाकूच्या बायकोने, रत्नप्रभाने, नको असलेल्या वस्तू भंगाराच्या पोत्यात भरायला घेतल्या. तिचं तरी काय चुकलं? वाजवायला कुणी घेतच नव्हतं, तर मला ठेवून ती काय करणार? पोत्यात टाकताना डबा उघडला आणि मी पडले ती थेट दिशाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, पायाशी. दिशा अंधेरीला एका स्टुडिओत आवाजाचं काम करते. तिने माझ्या वेष्टनावरची, धाकूच्या अक्षरातली रचनांची नावं वाचली आणि ती तिथेच खाली बसली.

“बाबा, हे तू केलंस? आम्ही आत्ता हेच ऐकतो, यार. स्टुडिओत रोज कुणीतरी लावतं.”

धाकूला ते खरंच वाटेना. तिने फोनवर माझ्यातल्या नऊ रचना लगेच काढून दाखवल्या. पण वेष्टनावरच्या क्रमाने ऐकता ऐकता तीच म्हणाली, की सुटं ऐकण्यात ही मजा नाही, एकीतून दुसरी निघावी तसा तुझा क्रम लागलाय. त्या वेळी धाकूचा चेहरा कसा झाला होता, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तिने ठरवूनच टाकलं, की रविवारी इमारतीतल्या सगळ्यांचं शेवटचं एकत्र जेवण आहे, तेव्हा सगळ्यांसमोर कॅसेट लावायची. धाकू नको नको म्हणत राहिला. पुन्हा हसतील, हे त्याला सहन होणार नव्हतं. आणि त्यानंतर ही माणसं भाड्याच्या घरांत विखुरणार होती. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

रविवारी दुपारी इमारतीच्या अंगणात जेवणं उरकली. दिशाने मला धाकूच्या जुन्या टेपमध्ये घातलं आणि माझ्या तोंडून नुसती घरघर निघाली. माझ्या फितीच्या मागे एक मऊ चिंधी असते. ती फितीला टेपच्या सूर वाचणाऱ्या हेडवर दाबून धरते, तेव्हा मला कंठ फुटतो. डब्यात पडून तिचा डिंक वाळला होता आणि ती गळून गेली होती. कोपऱ्यातून कुणीतरी विचारलंच, “काय धाकू, फ्रीज बिघडला?”

धाकूने वर पाहिलं नाही. त्याने रत्नप्रभाकडे हात पुढे केला आणि म्हणाला, “टिकलीचं पाकीट दे.” तिने काही न विचारता दिलं. त्याने मखमली टिकली कात्रीने चौकोनी कापली आणि चिमट्याने माझ्या तोंडाशी चिकटवली. भाऊरावांच्या दुकानातला हात तो, अजून चुकत नव्हता. बटण दाबलं आणि माझा आवाज मोकळा झाला.

पहिल्या रचनेला कुजबुज होती. दुसरीला ताटं उचलणारी माणसं ताटं खाली ठेवून टेकली. तिसरी बारीक होत गेली तेव्हा सत्तरीची मालन ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघत होती, आणि या वेळी कुणी हललं नाही. शाळेतली पोरं, कॉलेजातली पोरं, फोन उपडे ठेवून बसली होती. मित्रांनो, मी वाजत होते. अठ्ठावीस वर्षांनी मी नुसती वाजत नव्हते, लोक मला ऐकत होते.

तेवढ्यात फाटकातून बिल्डरच्या ऑफिसमधला धम्मपाल आला. चार वाजता सगळ्यांच्या चाव्या आणि सह्या घ्यायच्या, हे त्याचं काम. त्याला पाहून माणसं चुळबुळली. दोघंतिघं उठायला लागली. धाकूचा हात बटणाकडे गेला.  पण यादीची फाईल काखेत धरून धम्मपाल जिन्याच्या पायरीवर टेकला.

माझी पहिली बाजू संपली आणि खट्‌ आवाज झाला. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, कारण आता दिवस त्याच्या हातात होता. त्याने फाईल पायरीवर ठेवली.

“दुसरी बाजू असेल ना?” तो म्हणाला. “मग लावा. चाव्या काय, नंतर देता येतील.”

धाकूने मला उलटवलं.  अर्ध्यावर उठलेली माणसं पुन्हा बसली आणि शेवटच्या सुरापर्यंत बसून राहिली. मी जिंकले, असं मी स्पष्टच म्हणते. धाकूही जिंकला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी असंच जपून ठेवलं असेल. ते कशाला ठेवलंय, असं त्यांना विचारू नका. त्यांच्या शेजारी बसा, ‘लावा ना’ म्हणा, आणि संपेपर्यंत उठू नका.