मावशींची वाक्यं

"कट!" ती तिसऱ्यांदा ओरडली.

कॅमेरामनने खिडकीकडे पाहिलं. "ताई, हे ऊन फार तर अर्धा तास टिकेल. चांगला होता की टेक!"

"चांगला होता रे. खरा नव्हता."

एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत सहायक म्हणून राबल्यावर, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आज तिच्या स्वतःच्या सिनेमाचा पहिला दिवस. सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यात निर्मात्याने बजावलेलं, आजचं काम बघून पुढचं ठरवू.

प्रसंग साधा. बारा वर्षांनी मुलगा घरी येतो, आई बोलते. आईचं ते बोलणं तिने सहा वर्षं घोटून लिहिलं होतं. आईचं काम करणाऱ्या मावशी ते न अडखळता म्हणत होत्या, तरी कुठे काही हलत नव्हतं.

ती सरळ जाऊन आईच्या खुर्चीत बसली. तिचे पहिले दिग्दर्शक शूटिंगआधी सेटवरच्या प्रत्येक खुर्चीत बसून बघायचे. नंतरच्या एक दिग्दर्शिका नटांच्या हाताला काम द्यायच्या. म्हणायच्या, "हात गुंतले की तोंड खोटं बोलत नाही."

खुर्चीतून समोर दार दिसत होतं. आपण काय बोललो असतो? छे! एक शब्द फुटला नसता.

ती ताडकन उठली. "मावशी, तुमची सगळी वाक्यं काढली!"

"अगं बाई! पाठ करून जीभ झिजली माझी. मग करू काय?"

"टेबल पुसा. तो आला तरी पुसत राहा."

"ताई, तीच तर जान आहे सीनची," कॅमेरामन कळवळला.

"माहितेय. मीच लिहिलीत. चल, रोल!"

मुलगा आत आला. मावशींनी एकदा पाहिलं आणि त्या पुसत राहिल्या, तीच एक जागा, पुन्हा पुन्हा. मग त्याच्या खांद्यावरची बॅग उतरवली, तिच्या वजनाने किंचित वाकल्या आणि ती खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या. मुलाचं काम करणारा नट स्वतःचं वाक्य विसरला.

"कट!" आवाज चिरकला तिचा. सेटवर एकच कल्ला झाला. कॅमेरामन डोळे पुसत हसत होता. "मानलं, ताई!" ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत मावशींकडे धावली.

मावशी पुन्हा टेबल पुसत होत्या.

"मावशी, कट झालं."

"हो गं, ऐकलं. डाग आहे इथे एक."

टेबल लख्ख होतं. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.