उभ्या मापाचं टेबल

टेबल सासऱ्यांनी स्वतः केलं होतं, आणि तिथंच सगळं अडलं. विकतचं असतं तर दुकानदाराला चार शिव्या घालून परत करता आलं असतं.

सासरे सुतार. हयात रंधा मारण्यात गेली. सुनेला घरून करायचं काम मिळालं म्हटल्यावर हरखलेच. "बाजारातलं भुसकट कशाला आणतेस? मी आहे ना!" ती ओट्याशी भांडी विसळत उभी होती, तिथं टेप घेऊन आले. "हात खाली सोड. आता कोपर वाकव." तिनं वाकवलं. एवढ्या कारागिराला काय शिकवायचं, म्हणून गप्प राहिली.

टेबल देखणं झालं. गुळगुळीत, भक्कम आणि उंचच्या उंच. तिनं खुर्ची ओढली तर कीबोर्ड छातीला लागला.

कंपनीला देखणेपण नको होतं, वेग हवा होता. डॉक्टर बोलून ठेवतात ते रिपोर्ट हेडफोनवर ऐकायचे आणि भराभर टाइप करायचे. वेगाची परीक्षा पास झाली तर नोकरी पक्की, दोनदा नापास झाली तर काम बंद.

"खुर्चीवर उशा घाल की," नवऱ्यानं सोफ्यावर लोळत तोडगा काढला. तिनं उशा घातल्या, तर पाय लोंबकळले. पायांखाली खोका घेतला, तर तो सटकला. "राणीसाहेब सिंहासनावर बसल्या!" सासू खिदळली. शेजारीपाजारी येऊन टेबलावरून हात फिरवत, सासऱ्यांची पाठ थोपटून गेले. तिची पाठ कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. खांदे कानाला भिडले, बोटं बधिर झाली आणि पहिली परीक्षा हातची गेली. आता एकच संधी उरली होती, उद्या सकाळची.

संध्याकाळी ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, टेबलाचे पाय कापावे लागतील."

"कापावे?" जणू तिनं त्यांचेच पाय मागितले होते. "माझं माप चुकलं म्हणतेस?"

आजवर असल्या प्रश्नावर ती 'तसं नाही हो बाबा' म्हणत आली होती. पण आता खांद्यातून कळ गेली.

"हो, चुकलं. तुम्ही मला उभी मोजलीत. मी बसून काम करते."

"बसून कसलं आलंय काम!"

आता तिला कळलं. माप टेपमध्ये चुकलं नव्हतंच. बाई खुर्चीत बसली म्हणजे आराम करतेय, हे या घराच्या भिंतींनाही पाठ होतं.

कोपऱ्यात लोकांचे कपडे शिवत बसलेल्या सासूचं मशीन थांबलं.

"काय म्हणालात?"

"तुला नाही म्हटलं."

"मग कुणाला? जन्मभर बसूनच शिवलं मी. तुमचा फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा या बसलेल्या बाईच्या जिवावरच गिळलंत ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांगा की!"

सासऱ्यांनी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.

"बाबांना दुखवलंस," नवरा म्हणाला.

"करवत आण."

"मी? मला नाही येत कापायला."

"मग तोंड मीट."

दोघींनी सासऱ्यांची करवत काढली आणि टेबल उलटं केलं. सासूनं आपली शिवणाची टेप काढून सुनेला बसतं मोजलं, मग हलू नये म्हणून स्वतःच टेबलावर बसली. "हसू नकोस, काप!" करवत अडकत होती, हाताला फोड आले. चौथा पाय तोकडाच झाला. त्याखाली पुठ्ठा सारला.

सकाळी परीक्षाभर टेबल डुगडुगत होतं. पण पावलं जमिनीला टेकली होती आणि कोपरं जागेवर होती. ती पास झाली. नाचावंसं काही वाटलं नाही. खांदे ठणकतच होते आणि पुढचं रेकॉर्डिंग येऊनही पडलं होतं.

तेवढ्यात सासरे आत शिरले, हातात हातोडी आणि लाकडाचा तुकडा. "हलतंय ते. ऊठ, खाली ठोकून देतो."

तिनं एका कानावरून हेडफोन सरकवला. "आत्ता नाही बाबा. कामावर आहे मी. जेवणाच्या सुट्टीत या."

ते काहीतरी बोलणार होते.

"ऐकलंत ना?" बाहेरून सासूचा आवाज आला.

सासरे वळले. जाताना दार लावून घेतलं, जरा जोरातच.