चोचीला चोच

थोरलीनं ठसा उचलला, तर पाखराची मान कापडावरच राहिली. ठशाच्या रबरासारख्या लिनोलियमचा तुकडाच निखळला होता.

"घे! मोडलास ना?" सासू ओरडली. "हात आहे का मुसळ?"

"तुम्हीच म्हणता ना आत्याबाई, हलकं दाबलं की पाखरू उपाशी दिसतं."

"तोंड बघा! रंगापेक्षा जीभच पसरते हिची."

थोरली या घरात आली तेव्हापासून तो एकच ठसा. डावीकडं तोंड केलेलं पाखरू, चादरीच्या काठावर एकामागं एक, मेंढरांसारखं. बाहेर नांगरलेलं रान तापून भाजत होतं. वाऱ्यानं उडालेली माती ओल्या रंगावर बसते, म्हणून उन्हाळाभर छपाईच्या खोलीचं दार बंद. घामाला मात्र दार लागत नाही. थोरलीच्या डावीकडं भिंत, उजवीकडं दार; ती ठसा मारायची, आणि पाखरं भिंतीकडंच बघायची.

पण मोडक्या ठशाकडं बघून आज तिला हसूच आलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. दूधवाल्याबरोबर निरोप आला होता, "दिसतंय तोवर तोंड दाखवून जा." आणि सासू दर वेळी म्हणे, "एवढा माल निघू दे."

"आता ठसाच नाही. आता तर जाऊ ना?"

"नवा कोर, आणि जा. मी कुठं धरून ठेवलंय?" सासूनं पहिल्यांदाच कोरणी तिच्या हातात दिली. तिची स्वतःची बोटं आता कापत होती.

थोरलीनं लिनोचा नवा तुकडा उन्हात ठेवला, लोण्यासारखा मऊ झाल्यावर मांडीवर घेतला. छापलेल्या कापडावरून पाखरू गिरवलं आणि भराभरा कोरत सुटली. मन केव्हाच आईच्या ओसरीवर जाऊन बसलं होतं. संध्याकाळी रंग लावून पहिला ठसा मारला, तेव्हा चूक कळली. ठसा उलटा कोरायचा, तेव्हा कापडावर सुलटा उमटतो. घाईत तिनं सुलटाच कोरला होता. पाखरू उजवीकडं बघत होतं. दाराकडं.

सासूनं कपाळावर हात मारला. "माहेराकडं तोंड केलंस होय गं त्याचं? आता कापडवाल्याला काय दाखवू, माझी पाठ?"

दुसऱ्या दिवशी माल न्यायला कापडवाला आला. त्यानं जुनं कापड आणि नवं कापड शेजारी ठेवलं. दोन पाखरं समोरासमोर आली.

"अहो मावशी, हे झकास! चोचीला चोच! दोन्ही एकाच ठशावर घ्या. असल्याच चादरी हव्यात, जुन्याच्या दुप्पट."

म्हणजे थोरलीला पुन्हा नवा ठसा कोरणं आलं, वर दुप्पट माल. आगीतून उठून फुफाट्यात पडली बिचारी. सासू मात्र खूश.

"आत्याबाई, माझी आई..."

"जा की! लिनो बरोबर ने, तिकडंच बसून कोर. दोन दिवसांत ठसा घेऊन परत यायचं. माझी बोटं चालत नाहीत, आता तूच आहेस."

थोरली गेली. बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून, आत लिनो आणि कोरणी. आई ओसरीवरच बसली होती. पावलं ऐकून तिनं हात पुढं केला, पण भलतीकडं. थोरलीनं तो धरून आपल्या गालावर ठेवला. आईनं नाक, कपाळ, हनुवटी चाचपली.

"वाळलीस गं."

थोरलीनं पिशवी उघडली. मग थोरली तिथंच कोरायला बसली. सालपटं पदरात पडत राहिली. दुसऱ्या दिवशी ठसा पुरा झाला, तेव्हा आईनं तो मागून घेतला. लिनोवरून बोटं हळूहळू फिरली. पंख सापडले, शेपट्या सापडल्या, मग दोन चोचींशी बोट थांबलं.

"पाखरं छान झालीत," ती म्हणाली. "पण इतकी जवळ का बसवलीस? यांना उडायला वाटच नाही."

थोरलीनं पदरातली सालपटं अंगणात झटकली आणि ठसा पिशवीत घातला. परतीच्या बसची वेळ झाली होती.