खिळ्यांची भोकं

"काका, भोकं कुठे गेली?"

उन्नती चुरीने टेबलाभोवती एक फेरी मारली होती आणि आता ती वाकून, डोळे बारीक करून फळ्यांवरून बोट फिरवत होती. प्रश्न ऐकून बळवंत सुताराला मनातून गुदगुल्या झाल्या. गिऱ्हाइकाने भोकं शोधावीत आणि त्याला ती सापडू नयेत, यापेक्षा सुताराला आणखी काय हवं असतं?

"शोध, शोध," तो म्हणाला. "एक जरी सापडलं ना बाय, तर टेबल फुकट घेऊन जा."

उन्नती हसली नाही. "सगळी बुजवलीत?"

"दोनशे चौदा. मोजून. सागाच्या फळीला सागाचीच खुंटी, रेषेला रेष जुळवून. आता हे लाकूड कधी बोटीचं होतं, असं कुणाचा बाप सांगणार नाय."

उन्नती जवळच्या ओंडक्यावर बसली. तिला बोलायला जड जात होतं, कारण म्हातारा तीन आठवडे राबला होता हे समोर दिसत होतं. "काका, काम एक नंबर आहे. पण हे नवं दिसतंय हो. असं टेबल बोईसरला कुठल्याही दुकानात मिळेल. मला तो निळा रंग पाहिजे होता, गंजाचे डाग पाहिजे होते, भोकं पाहिजे होती. मी बोलले होते ना त्या दिवशी?"

बोलली होती खरी. महिन्यापूर्वी ती दांडीच्या खाडीकाठच्या या शेडमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा सुट्या फळ्यांवर हात ठेवून म्हणाली होती, "बापरे, काका, भोकं बघा ना किती!" आता चाळीस वर्षांत ज्याने ज्याने बळवंतला हे वाक्य ऐकवलं होतं, तो दुसऱ्याच्या हातची गळकी बोट दुरुस्तीला घेऊन आलेला होता. त्याने तिथल्या तिथे शब्द दिला, "काळजी नको करू. एक पण ठेवणार नाय." उन्नतीला वाटलं, काका गंमत करतायत. ती हसली, मग तोही हसला, आणि दोघं खूश होऊन आपापल्या कामाला लागले.

बळवंतला यात दोष देण्यात अर्थ नव्हता. तो बोटी बांधणारा सुतार. त्याच्या धंद्याची सगळी अक्कल एका गोष्टीत होती: समुद्राला आत यायला वाट ठेवायची नाही. फळीला भोक राहिलं तर मालकाच्या आधी पाणी बोटीत चढून बसतं, असं त्याच्या बापाने त्याला पटाशी हातात द्यायच्या आधी शिकवलं होतं. दांडी, उच्छेळी, नवापूर, कुठेही विचारा, बळवंतच्या हातची बोट कधी गळली, असं सांगणारा माणूस मिळायचा नाही. चारचौघांत मिरवायला त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

मग फायबरच्या बोटी आल्या. लाकडाची नवी बोट बांधून घेणारा गेल्या चार वर्षांत एकही आला नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी बळवंतनेच बांधलेली चिंधू तांडेलची बोट दोन पावसाळे वाळूत कलंडून पडली होती. चिंधूने फायबर घेतली आणि ही मोडायला बळवंतला देऊन टाकली. तळाचं लाकूड कुजलं होतं, पण वरच्या फळ्या अजून ठणठणीत होत्या. त्यातून त्याने एक स्टूल, एक झोपाळ्याची फळी, एक मांडणी केली. मुलीने, कीर्तीने, त्यांचे फोटो फोनवर टाकले आणि ते बघून वाणगावची ही उन्नती आली. बापाच्या चिकूच्या वाडीत तिने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. आधी एक लांब टेबल करून द्या, ते जमलं तर सगळ्या खोल्यांचं सामान तुमच्याकडूनच, असं तिचं म्हणणं. म्हणजे वर्षभराचं काम झालं.

आणि नाही जमलं, तर शेड बंद. तसा शब्द त्याने कीर्तीला दिला होता. शेड बंद करून बोईसरला जायचं आणि जावयाच्या कारखान्यात माल ठेवायची लाकडी पॅलेट ठोकायची. वय सहासष्ट, समोर खाडी, हाताला काम नाही. बाप दिवसभर नुसता शेडमध्ये बसून राहतो हे कीर्तीला बघवत नव्हतं. तिचंही चूक नव्हतं.

"पंधरा दिवस घ्या, काका," उठताना उन्नती म्हणाली. "बघा काही करता येतंय का. नाहीतर हे मी आमच्या घरात वापरीन. पण बाकीच्या कामाचं मग…" ती गाडीत जाऊन बसली.

घरी बायकोने, मंदाने, सगळं ऐकून घेतलं आणि भात वैरताना म्हणाली, "शाळंत चुकीचं लिवून नापास झालात, आता बरोबर करून नापास झालात. तुमचं आपलं ठरलेलंच हाय."

"भोकं ठेवायला सांगतेय ती."

"मग ठेवायची. टेबलावर बसून काय सातपाटीला जायचंय तिला?"

बळवंतला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो भात न जेवताच उठला.

रविवारी कीर्ती आणि जावई प्रीतम आले. प्रीतमने पिशवीतून ड्रिलचं मशीन काढून ओट्यावर ठेवलं. स्वभावाने गडी चांगला, फक्त प्रत्येक कामाची त्याला घाई. "मामा, अर्ध्या तासाचं काम हाय. टेबलाची चाळण करून देतो. दोनशे कशाला, चारशे मारू. वरून निळा रंग फासायचा, साखळीनं दोन-चार फटके द्यायचे. लोकांना हेच लागतं."

"जिथं खिळा नव्हता तिथं भोक मारायचं?"

"कोण मोजायला येतंय?"

"मी आलो ना," बळवंत म्हणाला.

कीर्तीने कपाळावर हात मारला. "बाबा, मग बोईसरला चला. उद्याच चला. एकदा बघून तरी घ्या. आवडलं तर आवडलं."

सोमवारी तो गेला. प्रीतमचा कारखाना म्हणजे पत्र्याची छपरी, बाजूला परदेशातून मशिनं भरून आलेल्या खोक्यांचं पिवळं, हलकं लाकूड रचलेलं. खोकी फोडायची, फळ्या कापायच्या, पॅलेट ठोकायची. चार जणं काम करत होती आणि खिळ्यांच्या बंदुकांचा नुसता फटफटाट चालला होता. बळवंतला एक हातोडी दिली. त्याने पहिलं पॅलेट घेतलं, फळ्या जुळवून बघितल्या, एक वाकडी वाटली ती बदलली, कडा टोचतील म्हणून रंधा मागितला. रंधा नव्हता. मग त्याने पटाशीनेच कडा मारायला घेतल्या. बाजूच्या पोराची तेवढ्यात सहा पॅलेट झाली.

"चाचा, ये क्या कर रहे हो?" पोरगा हसत म्हणाला. "एक बार माल जाएगा, फिर इसको जला देंगे. चार कील मारो और फेंको."

पोरगा वाईट बोलला नव्हता. खरं तेच सांगत होता. बळवंतने दुपारपर्यंत अकरा पॅलेट केली आणि सगळ्यांच्या कडा मारल्या. डबा खाताना प्रीतम त्याच्याजवळ येऊन बसला, पण काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. आपण इथे नडतोय आणि जावई नात्यापायी गप्प बसलाय, हे कळायला बळवंतला फार वेळ लागला नाही.

दांडीला परत आल्यावर त्याने चहासुद्धा घेतला नाही. मंदाला म्हणाला, "माझं गिरमिट कुठं ठेवलंस?"

"पेटीत हाय. कशाला?"

"भोकं पाडायला."

मंदाने या वेळी थट्टा केली नाही. तिने पेटीतून गिरमिट काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

पुढचे आठ दिवस त्याने जे काम केलं, तसलं त्याने जन्मात केलं नव्हतं. आपण बसवलेली एकेक खुंटी तो गिरमिटाने पोखरून काढू लागला. बोटीची फळी जिथे जिथे फासळीवर बसते, तिथे तिथे दोन खिळे. त्यामुळे भोकांच्या जोड्या ठरलेल्या अंतराने, ओळीने चालत होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी ते खिळे त्यानेच मारले होते. उन्हाळा होता, चिंधूचा बाप रोज सकाळी बोट कुठवर आली ते बघायला यायचा आणि जाताना दोन ताडगोळे ठेवून जायचा. आता खुंटी निघाली की आतलं ताजं लाकूड पिवळसर दिसे, ते जुनं दिसेना. मग त्याने मिठाच्या पाण्यात गंजके खिळे भिजवले, प्रत्येक भोकात एक ठोकला, चार दिवस ठेवला आणि पुन्हा उपसून काढला. भोकांच्या कडा काळ्या पडल्या. निळा रंग आणून दिला आणि तो वाळल्यावर दगडाने घासून घालवला. नवा रंग द्यायचा आणि तो जुना दिसेपर्यंत खरवडायचा! शेजारच्या बोटीवरचा एक तांडेल डोकावून विचारता झाला, "सुतार, बरा हायस ना?" बळवंतने हो म्हटलं आणि घासत राहिला.

त्याला लाज वाटत होती. पण हात खोटं काम करायला शिकलेच नव्हते, त्यामुळे हे खोटंही त्याने मन लावून केलं. शेवटी मोजली. दोनशे चौदा भरली. एक कमी नाही, एक जास्त नाही.

टेबल टेम्पोत घालून वाणगावला नेलं, तेव्हा उन्नती वाडीच्या फाटकापर्यंत धावत आली. "काका! अय्या, हेच! अगदी हेच मला पाहिजे होतं!" तिने आईला बोलावलं, माळ्याला बोलावलं. मुंबईहून आलेली पाहुणे मंडळी खोल्यांतून बाहेर आली. टेबल चिकूच्या सावलीत फरशीवर मांडलं. एका बाईने भोकात करंगळी घालून बघितली आणि इथला खिळा किती जुना असेल, असं विचारलं. "सव्वीस वर्सं," बळवंतने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"बाकीच्या खोल्यांचं काम उद्यापासून सुरू करा," उन्नती सगळ्यांसमोर म्हणाली. बळवंतने मान हलवली. शेड राहिली. त्याने कीर्तीला फोन लावायचं ठरवलं, पण आधी हातातलं काम. फरशी एका बाजूला उतरती होती आणि टेबलाचा एक पाय किंचित हलत होता. तो पाचर घेऊन टेबलाखाली शिरला.

वर सरबताचे ग्लास आले. खुर्च्या ओढल्याचे आवाज झाले, कुणीतरी फोटो काढायला सगळ्यांना जवळ बोलावलं. त्या गडबडीत एका पोरीच्या कोपराने पाण्याचा तांब्या आडवा झाला. टेबलावर पाणी पसरलं आणि भोकांतून खाली गळायला लागलं. वर एकच हशा पिकला.

"बघा, बघा! बोट गळायला लागली!" कुणीतरी ओरडलं, आणि ते कॅमेऱ्यात पकडायला सगळे सरसावले.

टेबलाखाली बळवंतच्या हातातली पाचर गळून पडली होती. काय होतंय हे कळायच्या आत त्याचा अंगठा वर गेला होता आणि सगळ्यात जवळच्या भोकावर घट्ट दाबून बसला होता. दुसऱ्या हाताने त्याने शेजारचं भोक दाबलं. बाकीची दोनशे बारा उघडी होती. पाणी त्याच्या डोक्यावर, मानेवर, सदऱ्याच्या आत ठिबकत होतं.

"काका, झालं का?" उन्नतीने वरून विचारलं. तिचं हसू अजून थांबलं नव्हतं.

"झालं," बळवंत म्हणाला. पण वरचं पाणी संपेपर्यंत त्याने अंगठे काढले नाहीत.